एस्सेलवर्ल्डची तिकिटे, एक नकाशा आणि बिस्किटांचा डबा: सहलींच्या जपलेल्या वस्तूंची वाटणी करावी का?

ओटीवरची

आमची डोंबिवलीची इमारत पुनर्विकासाला जाते आहे. पुढच्या महिन्यात जागा रिकामी करून तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जायचे असल्यामुळे सध्या माळे उपसणे चालू आहे. परवा पितळी भांड्यांच्या मागे बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. झाकण उघडल्यावर मी भांडी तशीच टाकून फरशीवर बसले, ती दिवेलागणीपर्यंत उठले नाही.

डब्यात आमच्या एस्सेलवर्ल्डच्या सहलीच्या वस्तू होत्या. चार तिकिटे, घड्यांवर झिजलेला उद्यानाचा रंगीत नकाशा, सात फोटो, माझी केसांची लाल रिबीन आणि बाबांनी पाठकोऱ्या कागदावर लिहिलेला त्या दिवसाचा हिशोब. लोकलची तिकिटे, बोट, चार वडे, दोन थंडाईच्या बाटल्या, आणि सगळ्यात खाली 'फुगा (हट्ट)' अशी नोंद. हट्ट माझा होता. बाबांना जाऊन सहा वर्षे झाली आणि त्यांचे अक्षर इतक्या जवळून मी बऱ्याच दिवसांनी पाहिले. याखेरीज एक वस्तू अशी आहे की ती काय आहे हेच मला कळत नाही. तळहाताच्या निम्म्या आकाराचा पांढऱ्या कापडाचा तुकडा, त्यावर निळसर फिकट डाग आणि वरच्या कडेला गंजाची दोन भोके.

दादा मेलबर्नला असतो. त्याला फोटो पाठवल्यावर त्याने लगेच फोन केला आणि निम्म्या वस्तू आपल्याला हव्यात असे सांगितले. त्याचा हक्क मला मान्य आहे. पण चारातली दोन तिकिटे तिकडे आणि दोन इकडे, नकाशा त्याच्याकडे आणि हिशोब माझ्याकडे, असे केले तर त्या दिवसाचेच तुकडे होतील असे मला वाटते. अशा वस्तू एकत्र ठेवाव्यात की वाटाव्यात? त्या टिकवायच्या कशा? आणि लहानपणीच्या अशा सहलींचे तुमच्याकडे काय उरले आहे?

खाडीपलीकडे

मी गोराईचा. तुम्ही ज्या जागेला सहल म्हणता, ती आमच्या शेजारी होती. उद्यान १९८९ साली सुरू झाले तेव्हा मी दुसरीत होतो. सुट्टीच्या दिवशी बोरिवलीच्या बाजूने आणि मालाडच्या मार्व्याहून बोटी भरभरून यायच्या, आणि वारा तिकडून असला की पाळण्यांवरचे ओरडणे अंगणात ऐकू यायचे. मी स्वतः तिथे पहिल्यांदा गेलो तो सातवीत. इतकी वर्षे ऐकलेल्या आवाजात त्या दिवशी माझा आवाज मिसळला याचे मला फार अप्रूप वाटले होते. त्या तिकिटाचा फाडलेला अर्धा भाग माझ्या सातवीच्या प्रगतिपुस्तकात आजही आहे. आता तिथले पाळणे थांबले आहेत आणि खाडीवर संध्याकाळी फक्त बोटींच्या इंजिनांचा आवाज असतो.

तुमच्या सहलीची तारीख पक्की नसेल तर दोन खुणा सांगतो. तिकिटावर शहराचे नाव 'बॉम्बे' छापलेले असेल तर ते बहुधा १९९५ च्या आधीचे आहे, कारण नाव त्या वर्षी बदलले. दुसरी खूण पॅगोड्याची. उद्यानाला लागूनच जो सोनेरी विपश्यना पॅगोडा उभा आहे, त्याचे उद्घाटन २००९ मध्ये झाले. बोटीतून काढलेल्या फोटोत उद्यान दिसते आहे आणि त्याच्या शेजारी सोनेरी घुमट नाही, असे असेल तर फोटो नक्कीच त्याच्या बराच आधीचा.

ओटीवरची

खाडीपलीकडे, मनापासून आभार. तिकिटावर 'बॉम्बे'च आहे आणि बोटीतल्या फोटोत मागे केवळ तिवरांची हिरवी रेघ दिसते. दादाच्या आठवणीप्रमाणे १९९४ ची मे महिन्याची सुट्टी, म्हणजे हिशोब जुळतो.

करवीर

आमच्यासाठी एस्सेलवर्ल्ड म्हणजे कोल्हापूरहून रात्रभराचा एसटीचा प्रवास, मालाडला मामाकडे अंघोळ, मग २७२ नंबरच्या बसने मार्वे आणि तिथून बोट. त्या वेळी ओहोटी होती. धक्क्यापाशी उतरताना माझा डाव्या पायातला सँडल चिखलात रुतला आणि पाय तेवढा वर आला. काकांनी गुडघाभर चिखलात हात घालून शोधला, पण तो काही सापडला नाही. सगळा दिवस मी मामीच्या मोठ्या चपला घालून फिरलो. झिपर डिपर या वेगवान रोलर कोस्टरमध्ये बसताना त्या पायांतून पडू नयेत म्हणून त्या काकांच्या मांडीवर ठेवल्या होत्या, आणि काका दोन्ही हातांनी चपला धरून बसल्यामुळे त्यांना स्वतःला धरायला काहीच उरले नव्हते.

उजव्या पायातला सँडल आईने कोल्हापूरला परत आणला. एक सँडल कशासाठी, असे सगळ्यांनी विचारले. तो अजून आहे. पुढे काकांना अर्धांगवायू झाला, बोलणे जवळजवळ थांबले. त्या काळात एकदा मी तो सँडल त्यांच्यासमोर धरला, तेव्हा त्यांनी उजवा हात उचलून कोपरापर्यंत दाखवला. चिखल एवढा होता, असे त्यांना सांगायचे होते.

तुमच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे, की वस्तू जिथे माणसांना हाताशी मिळेल तिथे असावी. मेलबर्नला ती पेटीत बंद राहणार असेल तर पाठवू नका.

मोकळी_कपाटे

माझे मत वेगळे आहे, आणि ते मी आदराने मांडतो. आईवडील गेल्यावर आम्हा तिघा भावंडांना त्यांचे घर रिकामे करायला पाच महिने लागले. प्रत्येक सहलीचे, प्रत्येक जत्रेचे काहीतरी ठेवलेले होते. प्रवेशपत्रिका, बसची तिकिटे, हॉटेलातले कागदी रुमालसुद्धा. त्या पाच महिन्यांत आम्ही तिघे जितके भांडलो तितके आयुष्यात कधी भांडलो नव्हतो, आणि ते भांडण पैशांचे नव्हते, अशाच डब्यांचे होते. शेवटी धाकट्या बहिणीने सगळ्यांचे नीट फोटो काढले, ते तिघांना दिले आणि मूळ कागद आम्ही एकत्र बसून विसर्जित केले. त्या दिवशी आम्ही खूप दिवसांनी एका ताटात जेवलो. वस्तू टिकवण्यासाठी नाते ताणू नका, एवढेच मी सुचवेन.

पॅसिफिककाठी

मोकळी कपाटे, तुमचा अनुभव वाचून गलबलले. पण फोटोने सगळे भागत नाही असे मला वाटते, आणि त्याचे कारण माझ्या हातात आहे.

आम्ही १९७८ मध्ये कॅलिफोर्नियात आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. डिस्नेलँडला तेव्हा प्रवेशाबरोबर कुपनांचे पुस्तक मिळायचे. ए पासून ई पर्यंत अक्षरे होती. ए म्हणजे सगळ्यात साधे, रस्त्यावरची घोड्याची ट्राम वगैरे, आणि ई म्हणजे मॅटरहॉर्न या बर्फाच्या डोंगरावरच्या गाडीसारखी सगळ्यात मोठी आकर्षणे. उद्यान १९५५ चे, ई कुपन १९५९ मध्ये आले आणि १९८२ मध्ये ही पद्धतच बंद झाली. सगळ्यांचीच ई कुपने आधी संपत आणि ए उरत. त्यामुळे अमेरिकेतल्या कितीतरी घरांच्या खणांत उरलेली ए कुपने पडून असत.

आमच्याही पुस्तकात ए उरली आहेत. पण एक ई देखील उरले आहे, आणि ते आईचे आहे. आई नऊवारी सोडून नुकतीच पाचवारी नेसायला लागली होती आणि साडीत त्या बर्फाच्या डोंगरावरच्या गाडीत बसायला तिला संकोच वाटला. 'पुढच्या वेळी बसेन' म्हणून तिने ते कुपन फाडू दिले नाही. पुढच्या वेळी गेलो तेव्हा कुपनेच बंद झाली होती. पुस्तकाच्या शिवणीपाशी बाकीच्या ई कुपनांची फाटलेली टोके आहेत आणि तिचे एकटे अखंड आहे. फोटोत हे दिसते. पण बोट फिरवल्यावर खरखरीत टोकांनंतर जी गुळगुळीत कड लागते, ती फोटोत लागत नाही.

वाटणीबद्दल सांगायचे तर भावाने पुस्तकातून एक पान मागितले होते. मी त्याला संपूर्ण पुस्तक पाठवले. दोन वर्षांनी त्याने ते परत पाठवले. आता ते येत-जात असते.

फुलराणीप्रेमी

येत-जात असलेले पुस्तक ही कल्पना मला फार आवडली. आमच्या लहानपणी पुण्यात सारसबागेशेजारच्या पेशवे पार्कातली फुलराणी हीच आमची सहल. ती छोटी आगगाडी १९५६ मध्ये सुरू झाली. तिचे एक तिकीट आजीच्या पोथीत खूण म्हणून होते आणि ते नेमके कोणत्या अध्यायाला आहे यावरून आजीचे पारायण कुठवर आले ते आम्हाला कळायचे.

यमुनातीर

दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांच्या वतीने अप्पूघरची आठवण नोंदवते. प्रगती मैदानावरचे हे उद्यान १९८४ मध्ये सुरू झाले, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांचे बोधचिन्ह असलेल्या अप्पू हत्तीवरून त्याचे नाव पडले आणि २००८ मध्ये ते बंद झाले. सुट्टीत महाराष्ट्रातून कोणी नातेवाईक आले की लाल किल्ला, कुतुबमिनार आणि अप्पूघर हा क्रम ठरलेला असे. पाहुणे दरवर्षी नवे आणि आम्ही मात्र तेच, त्यामुळे मी वर्षातून तीन-तीनदा गेले आहे. माझ्याकडे अप्पूचा एक पत्र्याचा बिल्ला आहे. मागची पिन तुटली आहे.

उद्यान बंद पडते तेव्हा अशा वस्तूचे मोल बदलते. अप्पूघर चालू होते तोवर तो बिल्ला खेळण्यांच्या टोपलीत लोळत असे. २००८ नंतर मी तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवला. ओटीवरची, तुमचे एस्सेलवर्ल्डही आता शांत आहे. म्हणून माझे मत स्पष्ट आहे, की संच फोडू नका.

आंबोलीचा_पाऊस

आमच्याकडे त्या सहलीचा एकही फोटो नाही, आणि तरीही छत्तीस फोटो आहेत. समजावून सांगतो.

वडिलांनी सहलीसाठी कार्यालयातल्या मित्राचा कॅमेरा मागून आणला होता. छत्तीस फोटोंचा रोल. त्यांनी तो आदल्या रात्री स्वतः भरला आणि दुसऱ्या दिवशी अतिशय जपून वापरला. प्रत्येक फोटोसाठी आम्हाला उभे करत, आईला पदर सारखा करायला सांगत, उन्हाची दिशा पाहत आणि मगच बटण दाबत. रोल धुऊन आला तेव्हा तो संपूर्ण कोरा होता. फितीचे टोक कॅमेऱ्यातल्या दात्यांमध्ये अडकलेच नव्हते, त्यामुळे फीत जागची हललीच नाही आणि शटर दिवसभर नुसते वाजत राहिले. वडील त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

ती फीत आईने फेकू दिली नाही. फिकट नारिंगी, आरपार दिसणारी. कारखान्यात छापलेले आकडे धुतल्यावर कडेला उमटतात, त्यामुळे चित्र एकही नसले तरी १ ते ३६ हे आकडे ओळीने आहेत. आम्ही दोघे भाऊ अजूनही दिवाळीत ती दिव्यासमोर धरतो आणि सांगतो, की हा सात, इथे तू रडत होतास; हा एकोणीस, इथे आई पहिल्यांदा पाळण्यात बसली. आमच्या मुलांना आता क्रमांक पाठ आहेत. मोठी मुलगी मागच्या वर्षी म्हणाली, की बावीसमध्ये आजोबाही होते. कॅमेरा वडिलांच्याच हातात असल्यामुळे ते कोणत्याच फोटोत असणे शक्य नव्हते. वडील समोरच बसले होते. त्यांनी तिला दुरुस्त केले नाही आणि आम्हीही केले नाही.

करवीर

आंबोलीचा पाऊस, तुमचा प्रतिसाद घरात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. आईने बावीस क्रमांकाचे दोनदा वाचायला लावले.

दस्तऐवज

मी एका अभिलेखागारात कागद जपण्याचे काम करते. टिकवण्याबद्दलचा प्रश्न अजून तसाच राहिला आहे, म्हणून लिहिते.

सर्वांत आधी, लॅमिनेशन करू नका. लोक प्रेमापोटी करतात आणि कागद कायमचा गमावतात, कारण उष्णतेने चिकटवलेले प्लास्टिक पुन्हा वेगळे होत नाही. तिकिटे आणि हिशोब आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा. नकाशाच्या घड्या उलगडून ठेवता आल्या तर उत्तम; फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. फोटो जर त्या काळातल्या चिकट पानांच्या अल्बममध्ये असतील, म्हणजे वर पारदर्शक प्लास्टिक आणि खाली डिंकाच्या रेघा, तर त्यांना तिथून बाहेर काढणे सगळ्यात निकडीचे आहे. ओढू मात्र नका. दात स्वच्छ करण्याचा बारीक दोरा फोटोखाली आडवा घालून हलक्या हाताने पुढे-मागे सरकवत नेला की बहुतेक फोटो सुटतात.

डांबर गोळ्या फोटोंजवळ नकोत. पत्र्याचा डबा ठेवायचाच असेल तर आत कागदाचे अस्तर लावा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात तो उघडू नका, कारण आपल्याकडची बुरशी एका ओल्या आठवड्यात काम उरकते. फोटोंच्या मागे लिहायचे असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, दाब न देता लिहा. आणि हे सगळे करण्याआधी प्रत्येक वस्तूच्या दोन्ही बाजू ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवा.

तुमची १९९४ ची तिकिटे छापखान्यातल्या शाईची असणार, ती टिकतील. खरी काळजी अलीकडच्या सहलींची आहे. आजकालची बरीचशी तिकिटे आणि पावत्या उष्णतेने काळ्या होणाऱ्या कागदावर असतात. तो मजकूर काही वर्षांत उडून जातो, आणि प्लास्टिकच्या पाकिटात ठेवल्यास आणखी लवकर.

खोपोलीपलीकडचा

दस्तऐवज ताई, तुमचे वाचून लगेच उठून पाहिले. खोपोलीजवळचे इमॅजिका उद्यान २०१३ मध्ये सुरू झाले त्याच वर्षी आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. पावती प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवली होती. आता ती एक स्वच्छ पांढरी पट्टी आहे. मुलांच्या मनगटावरचे पट्टे मात्र शाबूत आहेत, म्हणून ते आज स्कॅन केले. धाकट्याचा पट्टा माझ्या अंगठ्यात बसतो.

मोकळी_कपाटे

सगळ्यांचे वाचून माझे मत थोडे हलले आहे, हे प्रामाणिकपणे सांगतो. विसर्जनाचा निर्णय आमच्यापुरता योग्य होता, पण आंबोलीची कोरी फीत मी तरी विसर्जित करू शकलो नसतो. एक प्रश्न मात्र विचारावासा वाटतो. ओटीवरची, हा डबा भरला कोणी होता?

ओटीवरची

मोकळी कपाटे, तुमचा प्रश्न वाचला आणि मला स्वतःची फार लाज वाटली. मी आणि दादा दहा दिवस वाटणीची चर्चा करतो आहोत, आणि डबा जिने भरला ती माझी आई आतल्या खोलीत बसलेली आहे. वय वर्षे शहात्तर, कान थोडे कमी, बाकी सगळे स्वच्छ. माळा उपसण्याचा त्रास तिला नको म्हणून मी तिला काही सांगितलेच नव्हते.

काल रात्री जेवण झाल्यावर डबा तिच्यासमोर ठेवला. तिने आधी झाकणावरची धूळ पदराने पुसली. मग एकेक वस्तू काढून पलंगावर ओळीने मांडली, जशी ती दिवाळीचे फराळाचे डबे मांडते. हिशोबाचा कागद पाहून ती म्हणाली, "वडे सहा घेतले होते. दोन यांनी लिहिले नाहीत, कारण ते त्यांनीच धक्क्यावर उभ्याउभ्या खाल्ले."

मग मी तो कापडाचा तुकडा पुढे केला. तिला क्षणभरही आठवावे लागले नाही. तो बाबांच्या रुमालाचा तुकडा आहे. एवढ्या गर्दीत पोरे हरवली तर काय, या धास्तीने तिने आदल्या रात्री रुमाल कापला, दोन चौकोनांवर शाईच्या पेनाने आमची नावे, पत्ता आणि शेजारच्यांचा पी.पी. फोन नंबर लिहिला आणि सकाळी माझ्या फ्रॉकच्या आतून आणि दादाच्या शर्टाच्या आतून सेफ्टी पिनने लावला. मला तो टोचत होता म्हणून मी लोकलमध्ये रडले होते, असे ती म्हणाली. मला यातले काहीच आठवत नाही. नंतर पाण्याच्या खेळात आम्ही दोघे चिंब भिजलो आणि शाई पसरली. म्हणजे दुपारनंतर आम्ही खरोखर हरवलो असतो, तर त्या कापडावर वाचण्यासारखे काही उरलेच नव्हते. हे तिला घरी येऊन कपडे काढताना कळले, आणि त्या रात्री तिला झोप लागली नाही. दादाच्या शर्टाचा तुकडा त्याच आठवड्यात धुण्यात हरवला. माझा तिने पिन काढून ठेवून दिला, पण ओल्या कापडावर पिन राहिल्यामुळे गंज तोवर उतरला होता.

दादाला रात्रीच व्हिडिओवर बोलावले. तिकडे पहाट होती. आईने त्याला तुकडा दाखवला आणि सगळे पुन्हा सांगितले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "डबा आईपाशीच राहू दे." आईने त्यावर मान हलवली आणि म्हणाली, की डबा भाड्याच्या घरात तिच्या उशाशीच जाणार आहे, त्याचे पुढचे तिच्यानंतर बघा. नकाशा मात्र दादाने एक वर्षासाठी मागितला आहे. पॅसिफिककाठी, तुमच्या पुस्तकासारखा तो जाऊन येईल.

आज सकाळी सगळे स्कॅन केले. दस्तऐवज ताई, एकच विचारायचे आहे. त्या कापडावरचा गंजाचा डाग लिंबू-मिठाने निघेल असे शेजारच्या काकू म्हणाल्या. काढावा का?

दस्तऐवज

काढू नका. लिंबाने कापड विरते आणि निळ्या शाईचा जो थोडा मागमूस उरला आहे, तोही जाईल. कोरड्या पांढऱ्या सुती कापडात सैल गुंडाळा आणि तिकिटांना गंज लागू नये म्हणून वेगळ्या पाकिटात ठेवा. पाकिटावर आईंच्याच हाताने दोन ओळी लिहून घ्या, पाकिटात घालण्याआधी, पेन्सिलीने.

करवीर

आणि हिशोबात ते दोन वडे तेवढे लिहू नका.